निळ्या खुर्चीतलं नाही

या, असे पुढे सरकून बसा. ते दार लोटून घ्या, वाऱ्याने आपटतंय. आज मी तुम्हाला कुणा राजाची नाही, एका फोनवर बसणाऱ्या बाईची गोष्ट सांगणार आहे. राजा हिच्यातही आहे, प्रधान आहे, दरबार तर दर महिन्याला भरतो. पण आपण बसायचं ते त्या बाईच्या शेजारी, निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीजवळ. तिथून सगळ्यांचे चेहरे नीट दिसतात.

ती त्या खुर्चीत बसली तेव्हा सभागृहात हशा चालला होता.

"ताई, चहा पांचट असतो म्हणा आणि सुटा," वसुलीवाला म्हणाला. "मी गेल्या खेपेला लिफ्टमधल्या आरशाला नाही म्हटलं. पोट दिसतं म्हटलं. साहेब स्वतः हसले."

ही खुर्ची म्हणजे त्या कंपनीची जुनी रीत. घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसांना श्वास घ्यायला मदत करणारी यंत्रं ही कंपनी बनवायची आणि भाड्याने द्यायची. सुरुवातीला एका शिंप्याच्या दुकानामागे एक खोली आणि सहा माणसं, एवढाच संसार. मालक तेव्हा चोवीस वर्षांचा, तारांना डाग देताना बाहीला भोकं पाडून घेतलेला पोरगा. त्यानेच नियम घातला. महिन्यातून एकदा सगळ्यांनी बसायचं, चिठ्ठी काढायची, जिचं-ज्याचं नाव निघेल त्याने निळ्या खुर्चीत बसून ठरत आलेल्या एका तरी गोष्टीला नाही म्हणायचं. मनापासून म्हणायचं. आणि त्या नाहीपायी त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही. पहिली चिठ्ठी ताईचीच निघाली होती. ती म्हणाली होती, "रविवारी फोन उचलणारं माणूस नसेल तर एकही यंत्र बाहेर जाता कामा नये." मालक म्हणाला, "मग रविवारी तूच उचल." नऊ वर्षं ती उचलत होती.

सहाचे साठ झाले, साठाचे तीनशे. शिंप्यामागची खोली गेली आणि काचेचे तीन मजले आले. मालकाला "अरे" म्हणणं ताईने कधी सोडलं, ते तिचं तिलाही आठवत नव्हतं. खुर्ची मात्र नव्या जागी आली, पाहुण्यांना दाखवायला. "आमच्याकडे शिपाईसुद्धा मला नाही म्हणू शकतो," असं मालक सांगत आणि पाहुणे खुर्चीचा फोटो काढून नेत.

मग प्रधान आले. एका बड्या कंपनीतून वाजतगाजत आणलेले कारभारी. समोरच्याने तोंड उघडलं की हे मनगट वर करून म्हणायचे, "दोन मिनिटांत सांगा." लोकांनी त्यांचं आडनावच दोनमिनिटे करून टाकलं. त्यांच्यासमोर नाही अर्थात. त्यांच्यासमोर लोक दोन मिनिटंसुद्धा बोलत नसत.

आता ताईच्या मनात काय होतं ते ऐका. वीज गेली की हे यंत्र शिट्टी मारतं. शिट्टी ऐकून घरचं माणूस धावतं आणि रोग्याला सिलिंडर जोडतं. ही शिट्टी आतल्या नाण्याएवढ्या सेलवर चालते. सहा महिन्यांपूर्वी दोनमिनिट्यांनी तो सेल बदलून हलक्या प्रतीचा आणला. तेव्हापासून ताईच्या फोनवर एकोणीस घरांनी सांगितलं होतं, वीज गेली आणि शिट्टी वाजलीच नाही. एका घरी सून विसरलेला चष्मा घ्यायला जिन्यावरून परत आली, म्हणून सासरा वाचला. ताईने दर वेळी तक्रारीचा कागद वर पाठवला. वरून दर वेळी एकच शेरा आला, "ग्राहकाने यंत्र नीट हाताळले नाही."

तिने जोडाऱ्याला गाठलं. हा पहिल्या सहांतला माणूस, यंत्राचा एकेक भाग त्याच्या हातचा. त्याने एक यंत्र उघडलं आणि सेल चिमटीत धरून दाखवला.

"तीन महिन्यांत मान टाकतो हा, ताई. मी लिहून दिलंय."

"कोणाला?"

"ज्यांनी आणला त्यांनाच."

आणि त्या सभेत ठरत होतं ते हे, की हाच सेल घातलेली दोन हजार यंत्रं पुढच्या आठवड्यात चार नव्या शहरांत रवाना करायची. भांडवल घालणारे दोन पाहुणे भिंतीशी बसले होते.

"हं, ताई," मालक हसत म्हणाले, "येऊ द्या तुमचं नाही."

"यंत्रं पाठवू नका," ताई म्हणाली.

हसणाऱ्यांची तोंडं उघडी होती ती तशीच राहिली. ताईने सेलचं सांगितलं, एकोणीस घरांचं सांगितलं, चष्म्याचं सांगितलं. मनगट कधीच वर गेलं होतं, पण ती थांबली नाही.

"ताई, ही खुर्ची गमतीची आहे," दोनमिनिटे म्हणाले.

"मी बसले तेव्हा नव्हती."

"तीस हजार घरांत एकोणीस. आमच्या भाषेत याला शून्य म्हणतात."

"तुमच्या भाषेत असेल. मला त्यांचे आवाज ठाऊक आहेत."

"फोन उचलणाऱ्या माणसाला यंत्रातलं काय कळणार?"

"तेच म्हणते मी. तुम्हाला कोणी फोन करत नाही."

मागच्या रांगेत कोणीतरी खोकला. पाहुण्यांपैकी एकाने वही मिटली. ते मालकांच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांनी मान वळवली.

"ज्याने यंत्र बनवलं त्यालाच विचारू या. जोडारीबुवा, उभे राहा. सेल चालतो की नाही?"

जोडारी उभा राहिला. चोपन्न वर्षांचा गडी, या वयात दुसरीकडे कोण उभं करणार त्याला. त्याने ताईकडे पाहिलं नाही. पुढच्या खुर्चीच्या पाठीवरचा शिवणीचा धागा तो अंगठ्याने दाबत राहिला.

"चालतो."

"जरा मोठ्याने."

"सेल चालतो, साहेब."

ताई मालकाकडे वळली आणि तिच्या तोंडून जुना शब्द निघून गेला. "अरे, नियम तूच घातलास ना?"

"सरांशी नीट बोला," दोनमिनिटे गरजले.

मालक गरजले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "तेव्हा आपण सहा होतो, ताई. सहांत सगळं खपून जातं." आणि त्यांनी पुढचा विषय घेतला.

अर्ध्या तासाने काचेच्या खोलीत तिच्यापुढे टाईप केलेला कागद सरकवण्यात आला. 'मी अपुऱ्या माहितीवरून घबराट पसरवली, याबद्दल मला खेद वाटतो.' पुढच्या सभेत तो उभं राहून वाचायचा होता.

"सही करा आणि जागेवर जाऊन बसा. विषय संपला," दोनमिनिटे म्हणाले.

"म्हणजे एकोणीस घरं खोटं बोलली, असं मी लिहून द्यायचं?"

"तुम्हाला घर आहे ना? त्याचा विचार करा."

ताईने कागद पालटला आणि कोऱ्या बाजूवर राजीनाम्याची एक ओळ लिहिली. दोनमिनिट्यांनी घड्याळ पाहिलं नाही, ते त्या दिवशी प्रथमच.

"ग्राहकांचे पत्ते बाहेर नेलेत तर पोलिसांत देईन," ते म्हणाले.

"झडती घ्या हवी तर," ताई म्हणाली. "मला ते पाठ आहेत."

तिचा नवरा शाळेची व्हॅन चालवायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि ताटातला घास संपवला.

"आता काय?"

"आता ती एकोणीस घरं. दोन स्क्रू काढायचे आणि सेल बदलायचा. फोनवरून शंभरदा सांगितलंय, हाताने एकदा करून बघते."

"याचा पगार?"

"कोण देणार?"

"मग फरक काय पडला," तो म्हणाला. "तुझ्या रविवारचा तरी कोण देत होतं? दुपारी गाडी रिकामीच असते. चल."

दोन हजार यंत्रं ठरल्या दिवशी रवाना झाली. ताईने सरकारी खात्याला पत्र टाकलं. त्याची पोच आली, बाकी काही आलं नाही. घड्याळाच्या दुकानातून तिने चांगल्या प्रतीचे सेल घेतले आणि पाठ असलेले पत्ते एका कागदावर उतरवले, ज्या क्रमाने तक्रारी आल्या त्याच क्रमाने. पण सुरुवात घराजवळच्या पत्त्यांपासून केली.

पहिल्या घरी तिला दारातच झापलं. "आम्ही ओरडत होतो तेव्हा शेरे मारलेत, आता चेहरा दाखवायला आलात?" ताईने खाली मान घालून ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झालं बोलून? आता यंत्र दाखवा." दुसऱ्या घराने दार उघडलंच नाही. ती जिन्यात पाऊण तास बसली, तेव्हा उघडलं. तिसऱ्या घरी सेल बदलून वायर काढताच शिट्टी वाजली आणि अंथरुणातल्या बाईने दचकून कानांवर हात नेले, आणि मग हसली.

चौथं घर यादीत पहिलं होतं. तिथली म्हातारी म्हणाली, "अहो, तीन दिवसांपूर्वीच संध्याकाळी एक जण बदलून गेला की."

"कंपनीचा?"

"काही सांगेना बाई. पाणी दिलं, तेही घेईना. वायर काढून शिट्टी ऐकवली, म्हणाला, आवाज लक्षात ठेवा. आणि गेला."

ताईने यंत्र आडवं केलं. दोन्ही स्क्रूंच्या डोक्यांवर लाल रंगाचा बारीक ठिपका होता. हाताखालून गेलेल्या प्रत्येक स्क्रूला असा ठिपका लावणारा माणूस त्या कंपनीत एकच होता. तक्रारीचे कागद वरून शेरा होऊन शेवटी त्याच्याच टेबलाशी जात.

"सभेत कुठे गेली होती जीभ?" ती त्या ठिपक्याला म्हणाली.

"काय म्हणालात?" म्हातारीने विचारलं.

"काही नाही, आजी. चांगलं काम केलंय."

यादीतल्या दुसऱ्या घरीही तो येऊन गेला होता. तिसऱ्याही. रोज संध्याकाळी सुटल्यावर एक, वरून खाली. ताई व्हॅनमध्ये येऊन बसली.

"फोन कर त्याला," नवरा म्हणाला. "वाटून घ्या घरं."

"तोंड बघायचं नाही मला त्याचं."

"तोंड कुठे दिसतंय फोनवर?"

तिने कागद मांडीवर सपाट केला, वरची तीन नावं खोडली आणि बोट पार खाली नेलं.

"शेवटच्या घरी घे," ती म्हणाली. "तिथून वर येऊ."

झालं, एवढीच गोष्ट. आता उठताना माझं एक ऐका. ताईसाठी देवाजवळ मागायला मी आहे, रोज मागतो. तुम्ही त्या जोडाऱ्याची आठवण ठेवा. भरल्या सभेत धागा दाबत उभा राहिलेला तो, आणि दिवस मावळताना परक्या दारात पिशवी घेऊन उभा असलेलाही तोच. ताईने त्याला माफ केलेलं नाही आणि तिने करावं असं मी म्हणणारही नाही. आपलं त्याच्याशी तसं काही वैर नाही. म्हणून म्हणतो, आपण त्याला लक्षात ठेवू.