काकाच्या कामातली चूक

पुण्यात नोकरी करून आलेल्या रणजीत राठोडनं सेनगावात खताच्या दुकानाच्या माडीवर सॉफ्टवेअरची कंपनी काढली आणि तांड्यातली शिकलेली पोरं कामाला घेतली. थावरा, मुन्ना, शितल, सगळी भावकीतलीच. "बाहेरून हुशार माणसं आणायची कशाला? आपली लेकरं आपण घडवू," असं तो ज्याला त्याला ऐकवायचा. लेकरं घडतही होती. गाडी अडत होती एकाच ठिकाणी.

पुण्याचा एक रिवाज त्यानं इथं चालू केला होता. एकानं लिहिलेला कोड दुसऱ्यांनी तपासायचा आणि चुका तोंडावर सांगायच्या. पोरं एकमेकांची सालटी काढायची. पण रणजीतचा कोड पडद्यावर आला की सगळी गपगार. आता घरच्या वडीलधाऱ्याच्या कामात चूक कोण काढणार? उद्या तांड्यावर तोंड दाखवायचं की न्हाई?

"अरे, माझ्या चुका काढा, न्हाई तर शिकाल काय?" तो कळवळून म्हणायचा. पोरं मान डोलवायची आणि पुन्हा "बराबर हाय, काका" म्हणायची. मनातून त्याला ते गोडही लागायचं, खोटं कशाला बोला.

मग पुण्याहून एका कंपनीच्या मॅडम आल्या. वर्षभराचं काम द्यायचं होतं, पण रणजीतच्या आधाराशिवाय ही टीम उभी राहते का, ते त्यांना बघायचं होतं. काम हुकलं तर ऑफिसला कुलूप आणि पोरं घरी, हे सगळ्यांना ठाऊक. मॅडमनी नेमका रणजीतचाच कोड तपासायला लावला. सोयाबीन खरेदीचा.

"लई भारी हाय," थावरा म्हणाला.

"काकानं लिहिलंय म्हणल्यावर बघायचं काय त्यात?" मुन्ना म्हणाला.

मॅडम बॅग आवरू लागल्या. रणजीतच्या तोंडचं पाणी पळालं.

"काका, बोलू का?" शितल हळूच म्हणाली. "वजनाच्या जागी शून्य टाकलं की सगळंच बंद पडून राहिलं."

टाकून बघितलं. पडलं की बंद. मॅडम खूश झाल्या आणि काम तिथंच पक्कं करून गेल्या.

पोरांनी जिलेबी आणली. रणजीतनं आपला तुकडा तसाच ठेवला. कालची पोरगी, परक्या बाईसमोर आपली लाज काढते! त्यानं शितलला बाजूला घेतलं.

"चूक दिसली तर सांगावंच. पण एकट्यात सांगत जा."

"व्हय, काका."

सोमवारी त्यानं नवा कोड पडद्यावर लावला. शितलनं शांतपणे वाचला.

"मी एकट्यात सांगते, काका."

थावरानं खुर्ची पुढं ओढली. "मला बी एकट्यातच सांगायचंय."

"मला लई चुका सापडल्यात," मुन्ना उठत म्हणाला. "मी आधी जातो."

रणजीत आतल्या खोलीत जाऊन बसला. दाराशी पोरं रांगेनं उभी राहिली.

"आधी पाणी आणा," एवढंच तो बोलला.