उघाडीचं कुलूप

कोळशाच्या वीजघराचा प्रकल्प रद्द झाला, त्या दिवशी हांसेरदिया गावाने दोन म्हशी कापून मेजवानी घातली. परदेशी बँकेने हात वर केले होते, कंपनी चंबूगबाळं आवरून बेटावरून निघून गेली होती. आपली माणसं भोळी ती भोळीच. मिठागरं परत मिळाली म्हणून हात वाळेपर्यंत जेवत बसली. समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या उघाडीच्या दाराला कंपनीने घातलेलं कुलूप कोण काढणार, हे एकानेही विचारलं नाही.

आता फाल्गुन सरत आला होता. फोरकान मियाने वडिलांच्या मिठागराची माती लाटून गुळगुळीत केली होती. आज अमावास्येचं उधाण. आज पाणी आत आलं नाही, तर पुढच्या उधाणाआधी वळीव गाठणार आणि याही वर्षी मिठाचा खडा हाती लागणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

कंपनीने उघाडीवर राखणीला ठेवलेला बदिउल अजून तिथेच बसला होता, फोरकानच्या बायकोचा सख्खा भाऊ. मेजवानीत रश्श्यावर सगळ्यात आडवा हात मारला होता तो यानेच.

"किल्ली दे, बदिउल."

"किल्ली कंपनीकडे आहे, दुलाभाई. त्यांच्या हुकमाशिवाय दार उघडायचं नाही."

"कंपनी कुठाय?"

"गेली की."

"मग हुकूम कोण देणार?"

"तेच तर सांगतोय. कुणीच नाही."

फोरकानच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जमीन मोजायला, बापजाद्यांचे बांध बुलडोझरखाली घालायला साहेबांची रीघ लागली होती. एक कुलूप काढायला मात्र काळं कुत्रं फिरकत नव्हतं. त्याने कुदळ उचलली आणि उघाडीच्या शेजारी बांधावरच घाव घातला.

"दुलाभाई, असं करू नका. मला फोन करावा लागेल."

"कर की. बहिणीच्या नवऱ्याचं नाव नीट सांग, म्हणजे तुला बढती मिळेल."

बदिउलने फोन लावला. तो लागेल असं दोघांनाही वाटलं नव्हतं, पण लागला. ढाक्याच्या कचेरीतल्या माणसाला प्रकल्प कुठला हे आधी आठवेना. बांध फोडतायत म्हटल्यावर मात्र त्याचा आवाज चढला. मालमत्तेला हात लावायचा नाही, पोलीस पाठवतो, असं सांगून त्याने फोन ठेवला.

"पोलीस येतायत," बदिउल पडेल आवाजात म्हणाला. "तुम्ही घरी जा."

"दार उघडायला कुणी नाही, आणि मला धरायला लगेच माणसं आहेत. हरामखोर साले." फोरकानने घामेजलेले हात लुंगीला पुसले. खाडीत अजून नुसता चिखल होता. "येणार कसे ते? भरती चढल्याशिवाय होडी धक्क्याला लागत नाही."

"भरतीबरोबरच येतील."

"येऊ देत. त्याच भरतीचं पाणी इथून आत शिरेल. ते धक्क्यावरून इथे पोचेपर्यंत माझं मिठागर भरलेलं असेल," फोरकान म्हणाला आणि त्याने पुढचा घाव घातला.