कोपऱ्यातली पट्टी

पंचांनी शिट्टी वाजवली ती कुणा खेळाडूसाठी नव्हती, गोलमागे फोटो काढणाऱ्या फ्लॅशमास्तरसाठी होती. खेळ थांबवून ते तरातरा गोलखांबामागे आले. गोलकीपर डोळे चोळत उभा होता. आता बोलणी खायची म्हणून मास्तरने आधीच मान खाली घातली. पण पंच जुने, मास्तरच्याच वयाचे. ते एवढंच म्हणाले, "मास्तर, आजचा दिवस तुमचा. पुढच्या हंगामापासून मैदानावर फ्लॅश बंद. नियमच आलाय."

मास्तरला ते ठाऊक होतं. वर्तमानपत्राच्या कचेरीत तसं पत्र येऊन पंधरा दिवस झाले होते, आणि त्यात वावगंही काही नव्हतं. नवे कॅमेरे अंधारात मांजरासारखे बघतात. मास्तरचा कॅमेरा मास्तरसारखाच जुना. मैदानाच्या सहा खांबांवरचे निम्मे दिवे मेलेले, उरलेले नुसते वरून उजेड ओतणारे. त्या उजेडात खेळाडूच्या कपाळाखाली डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. फ्लॅश टाकला की खड्ड्यांत माणूस येतो. तीस वर्षं त्याने हेच केलं होतं. त्यापायी त्याचं खरं नाव लोक विसरले होते, ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं.

पण फ्लॅश बंद होणार याचं त्याला वाईट वाटत होतं ते फोटोंसाठी नव्हे. फ्लॅशच्या उजेडात त्याची बायको दिसायची, आणि ती जाऊन चौदा महिने झाले होते.

बायको दवाखान्यात नर्स. सामना असला की प्रथमोपचाराची पेटी घेऊन ती पूर्वेच्या गॅलरीत बसायची, खालून तिसऱ्या पायरीवर, अगदी खांबाला टेकून. अंगात पथकाचं रिफ्लेक्टरच्या पट्ट्यांचं जॅकेट. इकडे गोलमागे फ्लॅश उडाला की तिकडे तिच्या छातीवरच्या पट्ट्या पेटायच्या आणि फोटोच्या कोपऱ्यात दोन पांढऱ्या रेघा उमटायच्या. संपादकांना त्या खुपायच्या. कोपरा काप, म्हणायचे. मास्तर कापायचा. बावीस वर्षं त्याने इमानेइतबारे बायको कापली. घरी जाऊन सांगायचा, आज पुन्हा कापलं तुला. ती म्हणायची, "कापा की. मला कुठे पेपरात यायचंय?" कॅमेरा कायम याच्याच हातात, त्यामुळे दोघांचा एकत्र फोटो म्हणावा तर लग्नातला, आणि त्यात तिचे डोळे मिटलेले. लोकांना आयुष्यभर "हलू नका, डोळे मिटू नका" सांगणाऱ्याच्या घरी हा असा कारभार.

ती गेल्यावर लेकीने जॅकेट धुतलं, घडी घातली आणि पथकाला सही घेऊन परत केलं. पुढे गॅलरीवरचे पत्रे गंजले म्हणून खाली फाटकाला कुलूप पडलं. सगळं रीतसर संपलं होतं. आणि या हंगामाच्या तिसऱ्या सामन्यात फोटोच्या कोपऱ्यात पुन्हा दोन पांढऱ्या रेघा आल्या.

मास्तरने फ्लॅश बंद करून फोटो काढला. काळोख. फ्लॅश टाकून काढला. रेघा. कुणीतरी प्लॅस्टिकचा कागद टाकला असेल, त्याने स्वतःची समजूत घातली. पण पुढच्या सामन्यात एक खेळाडू घोटा धरून कोसळला. तो फोटो मास्तरने मोठा करून बघितला. रेघा हातभर वर सरकल्या होत्या. कुणी पडलं की ती अशीच उठून उभी राहायची.

वर जाऊन बघायचं धाडस त्याला झालं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिथे काही सापडलं असतं तर तो घाबरला असता, आणि नसतं सापडलं तर त्याचं सगळंच गेलं असतं.

लेक चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. बापाने हे सांगितल्यावर तिने त्याचे डोळे दोनदा तपासले. नंबर बदललेला नव्हता. तेव्हापासून तिला जास्तच काळजी लागली होती. आज त्याने तिला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. शेवटचा फ्लॅश आहे, एकदा येऊन बघ, एवढंच तो फोनवर म्हणाला, आणि ती दुकान लवकर बंद करून आली.

उत्तरार्धात ती त्याच्याशेजारी उभी राहून गॅलरीकडे टक लावून बघत होती. फ्लॅश उडाला. तिला पलीकडे काळोखाशिवाय काही दिसलं नाही. मग मास्तरने कॅमेऱ्याचा पडदा तिच्यापुढे धरला. कोपऱ्यात दोन रेघा होत्या.

"पत्रा चमकला असेल, बाबा."

पत्रा असा चमकत नाही, मास्तर म्हणाला. पत्र्याचा उजेड चारी दिशांना सांडतो, तो तुलाही दिसला असता. ही पट्टी उजेड ज्याने पाठवला त्यालाच परत देते. शेजारी उभ्या असलेल्यालासुद्धा त्यातलं काही मिळत नाही.

लेकीने पडद्यावरचा कोपरा पुन्हा पाहिला. मग म्हणाली, "वर जाऊन बघू या. तुम्ही नाही म्हणालात तर मी एकटी जाईन."

सामना संपला. लोक पांगले. वायरमन एकेका खांबाचे दिवे मालवत निघाला होता. त्याला गाठून मास्तरने फाटकाची किल्ली मागितली. तिथे वर्षभर कुणी पाऊल टाकलं नाही, वायरमनने बजावलं, पत्र्यांखाली जपून राहा. मास्तरने किल्ली घेतली. मग गळ्यातला कॅमेरा काढला आणि लेकीच्या गळ्यात घातला. तीस वर्षांत तो दुसऱ्या कुणाच्या गळ्यात गेला नव्हता. लेकीने त्याच्याकडे पाहिलं.

"मी जातो," तो म्हणाला. "तू इथूनच काढ. बटण आधी अर्धं दाब, मग पूर्ण."

फाटकाचं कुलूप गंजून घट्ट झालं होतं, ते उघडता उघडता घाम फुटला. तो मोबाइलच्या उजेडात पायऱ्या चढला. तिसऱ्या पायरीवर धूळ साचली होती, बोटाच्या पेराएवढी, आणि तिच्यावर पक्ष्याच्या पायाचासुद्धा ठसा नव्हता. कागद नव्हता, कापड नव्हतं, खांबाला खिळा नव्हता. काहीच नव्हतं. मास्तरला एकदम थकवा आला. लेकीला आता काय सांगायचं, आणि उद्यापासून स्वतःला तरी काय सांगायचं, हे त्याला कळेना. तो खाली बसला. खांबाजवळची जागा तिची, म्हणून सवयीने थोडं अंतर सोडून बसला. सिमेंट इतकं गार होतं की गारठा विजारीतून हाडांपर्यंत गेला.

वायरमनने शेवटचा खांब मालवला. मैदान गेलं, गोल गेला, लेक गेली. मास्तरने मोबाइल खिशात टाकला. त्याच्या अंगातही छायाचित्रकारांचं जॅकेट होतं, तशाच पट्ट्यांचं. निदान मी तरी येईन फोटोत, त्याला वाटलं.

दूर गोलमागे फ्लॅश उडाला. क्षणभर सगळं पांढरं झालं, मग पहिल्यापेक्षा काळं. त्या काळोखात कॅमेऱ्याचा इवलासा पडदा उजळला आणि त्यावर वाकलेला लेकीचा चेहरा दिसला. चेहरा तसाच राहिला, बराच वेळ. काय दिसलं ते विचारायचा मास्तरला धीर झाला नाही.

पडदा मालवला. मग तिचा आवाज आला, बारीक, पण रिकाम्या मैदानावर स्पष्ट ऐकू येणारा.

"बाबा, थोडं उजवीकडे सरका."

"का गं?"

"मधे फार जागा राहिलीय," ती म्हणाली.

उजवीकडे खांब होता. मास्तर उठला नाही, बसल्या बसल्याच सरकला, आधी वीतभर, मग आणखी थोडा. इथलं सिमेंट गार नव्हतं. त्याने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली, केसांवरून हात फिरवला आणि ताठ बसला. डोळे भरून आले होते, पण ते मिटायचे नव्हते.

"कोपरा कापू नकोस," तो अंधारात म्हणाला.

"नाही कापत," लेक म्हणाली. "हलू नका."

तो हलला नाही.