मला देवरहाटीत का नेलंत?

"मॅडम, रानात तुम्ही एकट्याच होतात, तर मग कॅमेरा कोणी धरला होता?"

सिनेमा संपल्यावर शाळेच्या सभागृहात वेदिकाने नायिकेला हे विचारले. तिच्या मैत्रिणी झारा आणि उमैमा यांनी पैजच लावली होती, हिंमत असेल तर विचारून दाखव. नायिका गोड हसली. म्हणाली, बाळा, एकटेपण मनात असतं.

मित्रांनो, मी एक जुनी कोयती आहे. मी तेव्हा वेदिकाच्या आईच्या, विमलाच्या, कमरेला होते आणि रागाने तापले होते.

माझा जन्म मंडणगडच्या लोहाराकडचा. माझी मूठ चिरली तेव्हा काशीरामने, म्हणजे वेदिकाच्या बाबांनी, तिला तांब्याची तार गुंडाळली. त्या तारेवरून मला सारा गाव ओळखतो. वीस वर्षे मी विमलाच्या कमरेच्या आकडीत राहिले. भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, टहाळ तोडले, फणस फोडले. पण गावदेवीच्या देवरहाटीत, म्हणजे देवीच्या नावाने राखलेल्या रानात, शिरण्याआधी विमला मला काढून हद्दीवरच्या धोंड्यावर ठेवायची. तिथली वाळकी काटकीसुद्धा कोणी उचलत नाही. मग पात्याचे तिथे काय काम?

मग ते सिनेमावाले आले. शहरातली बाई मनाच्या जखमा भरायला एकटीच रानात जाते, अशी त्यांची गोष्ट. एकटी म्हणे! चाळीस माणसे होती, आणि त्या सगळ्यांचे पाणी डोक्यावरून वाहायला आमची विमला. नायिकेच्या हातात शोभेल म्हणून त्यांनी मला मागून घेतले. विमलाला म्हणाले, मावशी, खालीच थांबा, चित्रात येता तुम्ही. आणि वर देवरहाटीत नेऊन माझ्याकडून सातविणीच्या हिरव्या फांद्या तोडवल्या. एक नाही, पाच! कारण पहिल्या चार वेळा बाईंना रडूच येईना.

सिनेमा कसला, दोन तास नुसती जांभयांची माळ. पण पडद्यावर तांब्याच्या तारेची मूठ दिसली आणि सगळ्या माना विमलाकडे वळल्या.

तेव्हापासून मी पडवीत खुंटीला लटकले आहे. विमला मला हात लावत नाही. पात्यावर गंज चढतो आहे. देवरहाटीतल्या देवळात रविवारी गावकीची सभा बसणार, तिथे विमलाने जाब द्यायचा. सर्वांच्या पाया पडून चूक कबूल करायची, असे तिने ठरवले. वेदिका भांडली, तर काशीराम म्हणाला, "तू मध्ये पडू नको गो. पोरी गावकीत बोलत नाहीत."

मित्रांनो, कोणाची वस्तू मागून न्याल, तर तिची रीतही विचारून न्या. माझा गंज घासून जाईल. विमलाची खाली गेलेली मान कोण वर करणार?

शनिवारी संध्याकाळी वेदिकाने मला खुंटीवरून काढले, घासले, खोबरेल लावले आणि आईबाबांसमोर ठेवले.

"आई, तू कोणाच्या पाया पडायचं नाहीस. बाबा, उद्या मी येणार. सगळ्यांदेखत हिला धोंड्यावर ठेवीन, आणि मग आत जाऊन फांद्या कोणी तोडल्या ते बोलेन."