लाल दांडी

पापांच्या विमानात लाल दांडीला हात लावला की चापट बसायची. मी पस्तिशीचा बाप्या झालो, शेजारच्या खुर्चीत बसायचा परवाना मिळवला, तरी चापट काही चुकली नाही.

दांडीचं काम तसं सोपं. आमच्या एल आल्तोला, डोंगरमाथ्यावर, हवा विरळ; तिथं दांडी मागे ओढून इंजिनाचं पेट्रोल कमी ठेवायचं. खाली बेनीच्या जंगलाकडे उतरताना हवा दाट होत जाते, तसतशी दांडी पुढे सारायची. विसरलात तर इंजिन उपाशी मरतं.

त्या दिवशी बटाटे खाली पोचवून येताना मांस आणायचं होतं. पापांनी चाकावर दारूचे थेंब शिंपडून पाचामामेला, आमच्या धरणीमातेला, नमस्कार केला, गालात कोकाची पानं कोंबली.

"पापा, आज उतरताना दांडी माझ्याकडे द्या ना."

"तुझ्याकडे? तू बटाटे सांभाळ, रेनान. ते तरी तुझं ऐकतात."

खिंड ओलांडली, उतरू लागलो. खाली हिरवं दिसायला लागलं, तरी पापांची मूठ दांडीवर तशीच, दांडी मागेच. इंजिन खोकलं.

"पापा, दांडी!"

दांडी जागची हलली नाही. मला वाटलं, म्हातारा माझी परीक्षा बघतोय. असल्या खोड्या होत्याच त्यांना. इंजिन पुन्हा खोकलं आणि बंद पडलं. पंखा नुसता वाऱ्यावर फिरत राहिला.

"सोडा ना! मरायचंय का?"

मूठ सुटेना. झाडं वर येत होती. मी त्यांचं एकेक बोट ताकदीनं उलगडलं. त्या शांततेत करंगळी मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. दांडी पुढे रेटली, तसं इंजिन गुरगुरून पेटलं.

मग मी त्यांच्याकडे पाहिलं. तोंड एका बाजूला लोंबलं होतं, डोळे माझ्यावर होते. त्यांना सगळं कळत होतं. हातच त्यांचं ऐकत नव्हता.

पक्षाघात, डॉक्टर म्हणाले. उजवी बाजू गेली, वाचाही गेली.

विमान आता मीच उडवतो. फेरी संपली की त्यांच्या खाटेशी बसतो.

"आज पण दांडीला हात लावला हं मी," असं चिडवतो, आणि वाकड्या करंगळीच्या त्या हाताखाली माझा हात सरकवतो. "मारा की!"

हात तसाच पडून राहतो. एक चापट मिळावी, एवढ्यासाठी मी रोज खाटेशी जाऊन बसतो.