दोन सीटांची गाडी

शिवदासला ती गाडी कशासाठी हवी होती, हे त्यानं मुरुडच्या अख्ख्या कोळीवाड्याला सांगून ठेवलं होतं, आणि ते सगळं खोटं होतं. "तीन सेकंदांत शंभरचा स्पीड!" असं तो जाळी शिवत बसलेल्यांना सांगायचा. अरे बाबा, शंभरचा स्पीड गाठून जाणार कुठे? शाळेपुढचा गतिरोधक त्याआधीच आडवा येतो. पण शिवदासला स्पीडचं काही पडलेलं नव्हतं. मुंबईच्या शोरूममध्ये ही नवी गाडी आली, त्या दिवशी कुलदीप नावाच्या सेल्समननं तिचं दार उघडलं आणि शिवदासला आत दोनच सीटा दिसल्या. पाठी काही नाही. दोन माणसं बसली की विषय संपला. तिथंच त्याचा जीव अडकला.

त्याचं असं होतं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, दोन ट्रॉलर झाले, आठ माणसांची जीप झाली, पण बायकोला, नीराबाईला, शेजारी बसवून हा माणूस कधी कुठे गेला नव्हता. बोटीवर बायका येत नाहीत, ते एक राहू द्या. पण जीप काढायचा अवकाश, थोरली बहीण कमळआक्का पुढच्या सीटवर हजर. "पाठी बसलं की मला गाडी लागते रे शिवा." तिच्या मागोमाग तिच्या दोन सुना, शेजारची सत्यवती आणि सगळ्यांच्या टोपल्या. नीराबाई आपली कोपऱ्यात, बर्फाच्या पेटीवर. वादळात ट्रॉलर हाकणारा हा गडी, पण आक्कापुढे चिडीचूप.

दिघीकडची आजोळची पडीक जमीन विकली गेली आणि हातात पैसा आला, तेव्हा त्यानं मनाशी ठरवलं की घ्यायची तर अशी गाडी घ्यायची, जिच्यात आक्का मावणारच नाही. कुलदीपनं शनिवार संध्याकाळपर्यंत मुदत दिली. तोवर नाव नोंदवलं तर गाडी, नाहीतर पुढच्या वर्षी बघू.

नीराबाईलाही त्यानं स्पीडचंच सांगितलं. ती जन्मभर मच्छी विकलेली बाई, अशी सहज भुलायची नाही. ती म्हणाली, "आपल्या दारात येत असंल तर घ्या. रस्त्यावर ठेवायची असंल तर नको. बास."

आता गाडी दारात येते की नाही, हे ती घेतल्याशिवाय कळायचं कसं? शिवदास गेला होडी बांधणाऱ्या सदाकडे. साचा केल्याशिवाय सदानं आजवर एकही होडी बांधली नव्हती. "त्यात काय? मापं आण," तो म्हणाला. मापं आली. लांबी, रुंदी, आणि गाडीचं पोट जमिनीपासून साडेचार इंच. दोन दिवसांत सदानं फळ्यांची गाडी उभी केली. खाली हातगाडीची चाकं, पुढे ओढायला दोर.

"रिकामी ओढून काय उपयोग?" सदा म्हणाला. "माणसं चढली की होडी पाण्यात खाली बसते. गाडी काय वेगळी हाय?" म्हणून वर शेजारी शेजारी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या ठोकल्या.

शनिवारी सकाळी हमरस्त्यावरून ही वरात निघाली. वर खुर्च्यांवर शिवदास आणि नीराबाई, चार गडी दोर ओढतायत, मागे अर्धा वाडा. आक्का पदर खोचून आलीच. "सर रे, मी बसते."

"दोनच सीटा, आक्का," शिवदास म्हणाला. "कंपनीचा नियम हाय." हे म्हणताना त्याला काय गार वाटलं म्हणून सांगू!

गतिरोधकावर फळ्या कर्रकन घासल्या. चौघांनी उचलून गाडी पलीकडे नेली. "हे चौघं पण पगारावर ठेवशील का?" सदानं विचारलं. शिवदासचं लक्ष कुठे होतं! शेजारी नीराबाई खुर्चीचा हात धरून खळखळून हसत होती, आणि तो बघतच राहिला होता. घर आणखी दोन मैल लांब असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

पण घर आलं. म्हणजे येता येता राहिलं. शेवटच्या वळणावर, दारापासून वीस पावलांवर, सत्यवतीची भिंत आणि पाण्याची टाकी यांच्यामध्ये, जीपपेक्षा रुंद असलेली ही गाडी जी अडकली ती पुढेही जाईना आणि मागेही येईना. कोणी म्हणे टाकी पाडा, कोणी म्हणे भिंत तासा. सत्यवतीनं तिथंच आवाज चढवला. शिवदासच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं राहिलं होतं.

"एवढं तोंड काय पाडता?" नीराबाई हळूच म्हणाली. "स्पीड गेला म्हणून?"

"स्पीड गेला खड्ड्यात. दोनच सीटा होत्या गं तिला. तू नि मी. दुसरं कोण बसलंच नसतं."

नीराबाईनं त्याच्याकडे वळून बघितलं. "म्हणजे आक्काला न्हाय म्हणवत न्हाय, म्हणून एवढी गाडी घ्यायला निघालात?"

शिवदासनं मान डोलावली.

"अवो, तोंड हाय ना तुमाला? ते तर फुकट मिळालंय."

तेवढ्यात आक्का गर्दीतून वाट काढत पुढे आली. "जाऊ दे रे शिवा. आपली जीप काय वाईट हाय? उद्या तिनंच जाऊ सगळी फेरीबोटीतनं दिघीला, आजोळी. मी लवकर येते."

शिवदासनं खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. "न्हाय, आक्का."

"काय न्हाय?"

"उद्या जीपनं मी नि नीराच जाणार."

"मग आमी?"

"तुमाला एष्टी हाय."

सदाच्या हातातला हातोडा हातातच राहिला. आक्काचा उघडा जबडा मिटेना. पण शिवदासनं शब्द काही मागे घेतला नाही. त्यानंतर कुलदीपला फोन करून गाडी नको म्हणणं म्हणजे काहीच नव्हतं. ते त्यानं खुर्चीत बसल्या बसल्याच उरकलं.

नीराबाई खाली उतरली आणि पदर झटकला.

"आधी जीप धुऊन काढा," ती म्हणाली. "उद्या मला पुढं बसायचंय."