दातेरी नखं

मियोकोने अनामिकेच्या नखावर कानस फिरवली आणि नखाचा पांढरा भुगा मागाच्या लाकडी पट्टीवर सांडला. पहिली खाच बरी जमली होती. दुसरी वाकडी गेली. तिसरी इतकी खोल गेली की तिने कळवळून बोट तोंडात घातलं. साडेनऊ वाजले होते आणि अकराला फोटोवाले येणार होते.

मागचं दार सरकलं. त्या दाराने एकच माणूस येत असे, आणि आज नेमकं त्याच माणसाला तिने घरी थांबायला सांगितलं होतं.

"मीच आहे," चपला काढत उमेनोसान म्हणाल्या. "पाहुणे यायचेत म्हणून तांदळाच्या पिठाची, लाल सारण भरलेली मोची केली. तू दुकानातली आणशील. ती म्हणजे नुसता साखरेचा दगड!"

मियोकोने कानस घाईघाईने मांडीखाली सरकवली. भुगा मात्र तिथेच राहिला.

उमेनोसान चौऱ्याहत्तर वर्षांच्या. निशिजिन या विणकरांच्या वस्तीतल्या या हातमागाच्या कारखान्यात मियोकोच्या वडिलांच्या वेळेपासून विणत आलेल्या. इथलं कापड नखांनी विणतात. मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या नखांना करवतीसारखे दाते पाडायचे आणि आडवा धागा त्या दात्यांनी ओढून घट्ट बसवायचा. एकोणिसाव्या वर्षी मियोकोही हे शिकायला बसली होती. कॉलेजातल्या मैत्रिणी नखं बघून हसल्या, तशी ती बसमध्ये हातमोजे घालू लागली, तेही भर ऑगस्टातल्या उकाड्यात. चार महिन्यांत तिने माग सोडला आणि ऑफिसच्या टेबलाशी जाऊन बसली. आता ती कारखान्याची मालकीण होती.

यंदा पॅरिसच्या एका बड्या कंपनीने काशिवाबारा नावाच्या चित्रकाराला हाताशी धरून बारा पर्स करायला घेतल्या, प्रत्येक पर्स वेगळ्या जपानी कारागिराकडून. मियोकोच्या वाट्याला आला तळहाताएवढा कावळा. काळ्या धाग्याच्या सव्वीस छटा, पाच महिने, आणि त्यातला प्रत्येक धागा उमेनोसानच्या नखांनी बसवलेला. कंपनीच्या कागदावर एक रकाना होता, 'विणणाऱ्याचं नाव'. वडिलांच्या काळी कापडावर घराण्याचं नाव जायचं, विणणारीचं कधीच नाही. मियोकोने तिथे स्वतःचं नाव लिहिलं. सवयीने लिहिलं, असं ती मनाला समजावत आली होती. मग कंपनीचं पत्र आलं, की ज्या हातांनी कावळा विणला त्या हातांचा फोटो हवा.

उमेनोसाननी भुग्यावर बोट टेकवलं. मग मियोकोच्या हाताकडे पाहिलं.

मियोकोला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उमेनोसान, मी तुम्हाला सांगणारच होते..."

"कानस दे."

"कसली कानस?"

"दे गं. मांडीला टोचेल."

तिने कानस दिली. उमेनोसान शेजारी बसल्या आणि सत्तावीस वर्षांपूर्वी धरत तसाच तिचा हात त्यांनी आपल्या गुडघ्यावर धरला.

"किती खोल घातलीस! यात धागा अडकून तुटेल. तिरपी धरायची, अशी. तेव्हाही तू सरळच धरायचीस."

"मी त्यांना फोन करते. अजून वेळ आहे."

"आणि काय सांगशील? कागदावर खोटं लिहिलं? हलू नकोस."

कानस हळूहळू फिरत राहिली. त्या ओरडल्या असत्या, हात झटकून उठून गेल्या असत्या, तर मियोकोला सुटल्यासारखं वाटलं असतं. शेजारच्या घरातले विजेचे माग खडखडायला लागले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"जूनपासून. कागद टेबलावर होता, मी टेबल पुसत होते." त्यांनी नखावरचा भुगा फुंकला. "वाटलं, एकदा विचारशील."

उमेनोसाननी चारही नखं एकसारखी केली, हात लांब धरून पाहिला आणि मान हलवली.

"कोरी दिसतात. कॅमेऱ्यात लगेच कळेल." त्यांनी काळ्या धाग्याचं एक टोक घेतलं आणि खाचाखाचांतून चोळून काढलं, म्हणजे नखं खूप वर्षं झिजल्यासारखी दिसतील.

पाहुणे अकराला पाच मिनिटं कमी असताना आले. एवढे नावाजलेले काशिवाबारा तिच्यापुढे कमरेत वाकले.

"माझ्या कागदावर तो कावळा नुसता बसला होता," ते म्हणाले. "तुमच्या हातात तो उडायच्या बेतात आलाय. इतक्या वर्षांत माझं चित्र कुणी असं वाचलं नव्हतं."

मियोको त्यांच्याहून खाली वाकली, निदान तोंड दिसू नये म्हणून. मग ती मागावर जाऊन बसली. फोटोवाल्याने दिवा सरकवला, तिची बोटं धाग्यांवर ठेवायला सांगितली.

तेवढ्यात उमेनोसान चहा घेऊन आल्या. ट्रे त्यांनी विचित्रच धरला होता. दोन्ही मुठी घट्ट मिटलेल्या आणि ट्रे त्यांच्यावर तोललेला. एकही नख दिसत नव्हतं. भर ऑगस्टातले ते हातमोजे मियोकोला आठवले.

"आणि या?" काशिवाबारांनी विचारलं.

मियोकोने तोंड उघडलं. नाव जिभेवर आलं होतं.

"मी चहापाणी बघते," उमेनोसान म्हणाल्या. त्यांनी मनगटाने बशी पुढे ढकलली. "मोची घ्या ना. ती मात्र माझ्या हातची आहे."

काशिवाबारांनी एक उचलली, खाल्ली आणि मनापासून दाद दिली. मियोकोची नजर मागावरून हलेना. तिचे कान लाल झाले होते आणि मान आपोआप आणखी खाली गेली.

"वा!" कॅमेऱ्यामागून फोटोवाला ओरडला. "अगदी अशाच राहा, बाई. मान वर करू नका. काय तल्लीन झालात!"

मियोकोने मान वर केली नाही.